धूमकेतूंचा माग आणि आकाशाची वाट

हौशी आकाशनिरीक्षकाच्या पिशवीत दुर्बीण, लाल कागद लावलेली विजेरी आणि आकाशनकाशा यांच्या जोडीला एक यादी हमखास असते. ‘एम १’पासून ‘एम ११०’पर्यंत क्रमांक दिलेल्या या यादीत तारकागुच्छ आहेत, तेजोमेघ आहेत आणि दूरच्या दीर्घिकाही आहेत. यातील ‘एम’ हे अक्षर शार्ल मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदाच्या आडनावाचे. जगभरचे निरीक्षक ज्या वस्तू हौसेने शोधतात, त्यांकडे पाहून फसगत होऊ नये म्हणून मेसिए यांनी ही यादी केली होती, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

मेसिए यांचा जन्म २६ जून १७३० रोजी लॉरेन प्रांतातील बादोंव्हिलेर या गावी झाला. बारा भावंडांतील ते दहावे. त्यांतील सहा भावंडे बालपणीच गेली आणि १७४१मध्ये वडिलांचेही छत्र हरपले. पुढे १७४४मध्ये सहा पुच्छांचा एक भव्य धूमकेतू युरोपच्या आकाशात प्रकटला. चार वर्षांनी सूर्यग्रहण झाले. या दोन घटनांनी या मुलाला आकाशाचा छंद लावला, तो जन्मभर सुटला नाही.

वयाच्या एकविसाव्या वर्षी, १७५१मध्ये, मेसिए पॅरिसला आले. नौदलाचे ज्योतिर्विद जोझेफ निकोला दलिल यांनी त्यांना पदरी ठेवले, ते विद्वत्तेसाठी नव्हे, तर सुवाच्य अक्षर आणि नकाशे उतरवण्याचे कसब पाहून. क्लुनी या जुन्या वाड्याच्या मनोऱ्यावर दलिल यांची वेधशाळा होती. तेथे निरीक्षणांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवण्याची शिस्त मेसिए यांच्या अंगी बाणली. गणितात त्यांना फारशी गती नव्हती, पण नजर तीक्ष्ण होती आणि चिकाटी अपार होती.

एडमंड हॅली यांनी भाकीत केलेला धूमकेतू १७५८च्या सुमारास परतणार होता. तो कोठे दिसेल याचा नकाशा दलिल यांनी आखला आणि शोधाचे काम मेसिए यांच्यावर सोपवले. नकाशातच चूक होती. मेसिए महिनोन्‌महिने आकाशाचा भलताच भाग धुंडाळत राहिले. दरम्यान ड्रेस्डेनजवळच्या योहान पालित्श या शेतकऱ्याने २५ डिसेंबर १७५८च्या रात्री हा धूमकेतू पाहिला. मेसिए यांना तो २१ जानेवारी १७५९ रोजी स्वतंत्रपणे सापडला. पण दलिल यांनी ही वार्ता जाहीर करू दिली नाही. एप्रिलमध्ये ती फुटली तेव्हा पालित्श यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते आणि पॅरिसच्या विद्वानांनी मेसिए यांच्या नोंदींवर अविश्वास दाखवला. तरुण सहायकाने हा घाव निमूटपणे सोसला.

त्याच काळात, २८ ऑगस्ट १७५८ रोजी, दुसऱ्या एका धूमकेतूचा माग काढत असता वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी त्यांना एक फिकट ठिपका दिसला. धूमकेतू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रात्रीगणिक सरकतो. हा ठिपका जागचा हलेना. तेव्हाच्या लहान दुर्बिणींतून दूरचा धूमकेतू आणि असा अचल धूसर ठिपका सारखेच दिसत. शोध करणाऱ्याच्या कित्येक रात्री त्यामुळे वाया जात. मेसिए यांनी ठिपक्याचे स्थान टिपून ठेवले. पुढे हाच ‘एम १’ झाला.

१७६४मध्ये त्यांनी या कामाला पद्धतशीर हात घातला आणि वर्षअखेर नोंदी चाळीसवर नेल्या. ४५ वस्तूंची पहिली यादी पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या १७७१च्या वृत्तांतात आली. सहकारी पिएर मेशँ यांच्या निरीक्षणांची भर पडून १७८१पर्यंत हा आकडा १०३वर पोहोचला. प्रत्येक नोंदीत वस्तूचे विषुवांश आणि क्रांती, निरीक्षणाची तारीख, जवळचा ठळक तारा आणि ठिपक्याचे थोडक्यात वर्णन असे. दुसऱ्या कोणालाही त्या जागी दुर्बीण रोखता यावी, हा हेतू त्यामागे स्पष्ट होता.

नशिबाने त्यांची कठोर परीक्षा पाहिली. १७७०मध्ये त्यांचा विवाह झाला. परंतु मार्च १७७२मध्ये बाळंतपणानंतर पत्नी आणि नवजात मुलगा अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दगावले. ६ नोव्हेंबर १७८१ रोजी, यादी पूर्णत्वाला गेली त्याच वर्षी, एका बागेत फिरताना ते बर्फ साठवण्याच्या खोल तळघरात कोसळले. हात, मांडी, मनगट आणि बरगड्या मोडल्या. वर्षभर ते अंथरुणाला खिळले. तरीही १२ नोव्हेंबर १७८२ रोजी बुधाचे अधिक्रमण टिपण्यासाठी ते पुन्हा दुर्बिणीशी उभे राहिले.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांचे वेतन बंद झाले, अकादमीही बरखास्त झाली. सप्टेंबर १७९३मध्ये, दहशतीचे पर्व सुरू असताना, त्यांनी एक नवा धूमकेतू शोधला. त्याची कक्षा मांडली ती त्यांचे स्नेही बोशार द सारों यांनी, तुरुंगाच्या कोठडीत बसून. त्या गणिताने सांगितलेल्या जागी मेसिए यांना धूमकेतू पुन्हा दिसला आणि ही खबर त्यांनी कैदेतील मित्रापर्यंत पोहोचवली. २० एप्रिल १७९४ रोजी सारों यांचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला.

नेपोलियनच्या राजवटीत मेसिए यांना सन्मानचिन्ह मिळाले. उतारवयात त्यांनी १७६९च्या धूमकेतूचा संबंध नेपोलियनच्या जन्माशी जोडणारे टिपण लिहिले. शास्त्रज्ञाला न शोभणारी ही एकच गोष्ट त्यांच्या नावावर राहिली. १२ एप्रिल १८१७ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी, पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. सुमारे तेरा धूमकेतूंच्या शोधाचे श्रेय त्यांच्याकडे जाते. हीच कीर्ती टिकेल, असे त्यांच्या समकालीनांना वाटत होते.

घडले वेगळेच. ही यादी हाती पडताच विल्यम हर्शेल यांनी आपल्या मोठ्या दुर्बिणी तिकडे वळवल्या आणि सुमारे अडीच हजार नव्या वस्तूंची भर घातली. ‘एम १’ हा १०५४मध्ये चीनमध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्याचा अवशेष ठरला. देवयानी तारकासमूहातील ‘एम ३१’ ही आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे एडविन हबल यांनी १९२०च्या दशकात सिद्ध केले. तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. मेसिए यांनी जागा चुकवलेल्या काही नोंदींचा उलगडा विसाव्या शतकात झाला आणि त्यांच्या व मेशँ यांच्या टिपणांतील आणखी सात वस्तू जोडून यादी ११०वर स्थिरावली.

महाराष्ट्राच्या आकाशात ही यादी वापरायची तर हिवाळ्यापासून सुरुवात करावी. कृत्तिका म्हणजे ‘एम ४५’; ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या जरा दक्षिणेस ‘एम ४२’ हा तेजोमेघ, व्याधाच्या खाली ‘एम ४१’ आणि पुष्य नक्षत्रात ‘एम ४४’ हा तारकागुच्छ साध्या द्विनेत्रीतूनही सापडतो. अंधाराला डोळे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे द्यावीत. फिकट वस्तूकडे थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवली, तर ती अधिक स्पष्ट दिसते. ठळक ताऱ्यापासून एकेक तारा ओलांडत इष्ट जागी पोहोचावे. मेसिए यांच्या नोंदींतील जवळच्या ताऱ्याचा उल्लेख येथेच उपयोगी पडतो.

मार्चअखेर ते एप्रिलच्या आरंभी, अमावास्येच्या सुमारास, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जवळजवळ सगळी यादी एका रात्रीत पाहता येते. ‘मेसिए मॅरेथॉन’ म्हणून ओळखली जाणारी ही रात्र शहराच्या दिव्यांपासून दूर, उघड्या माळावरच साधावी लागते. शेवटच्या काही वस्तू उजाडता उजाडता, पूर्वेच्या क्षितिजाजवळ शोधाव्या लागतात. त्या घाईत नोंदवही मात्र सोडू नये, कारण वस्तू केव्हा व कशी दिसली हे लिहून ठेवले, तरच निरीक्षण पुरे होते.