सरफोजीराजे आणि लब्रँची मुखचित्रे

तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांचे नाव ग्रंथप्रेमी राजा म्हणून सर्वश्रुत आहे. संस्कृत ग्रंथांत शरभेंद्र म्हणून ज्यांचा गौरव झाला, त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयाचा विचार बहुधा हस्तलिखितांच्या अनुषंगाने होतो. तेथील युरोपीय मुद्राचित्रांकडे मात्र राजाचा एक षोक म्हणूनच पाहिले जाते. ही दृष्टी बदलणे आवश्यक आहे. कारण या चित्रांतून सरफोजींच्या ज्ञानव्यवहाराची एक विशिष्ट रीत प्रकट होते.

तुळजाजीराजांनी १७८७ साली आपल्या मृत्यूपूर्वी भोसले कुळातील या दहा वर्षांच्या बालकास दत्तक घेतले. परंतु गादी मिळाली ती तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांना. बाल सरफोजींचा सांभाळ जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी केला. पुढे मद्रासेत त्यांचे शिक्षण झाले, आणि इंग्रजी भाषा व पाश्चात्त्य विद्या यांचा परिचय त्यांना कोवळ्या वयातच घडला. १७९८ च्या जूनमध्ये कंपनीच्या पाठिंब्याने ते गादीवर आले, तेव्हा श्वार्ट्झ हयात नव्हते. या गुरूचे संगमरवरी स्मारक राजांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरूच्या भेटीस आलेले सरफोजी त्यात कोरलेले आहेत.

पुढच्याच वर्षी, १७९९ च्या ऑक्टोबरात झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. कुंभकोणम्, त्याजवळचे चोळपुरम् आणि कावेरीकाठची सारी सुपीक गावे राजांच्या हुकमतीबाहेर गेली. तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर, वार्षिक एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच त्यांच्याकडे उरले. वयाच्या बाविसाव्या वर्षी ज्याचे राजकारण संपले, त्या पुरुषाने उरलेली तेहतीस वर्षे विद्येत घालविली. हा केवळ विरंगुळा होता काय, हा प्रश्न त्यांच्या चरित्रकारास टाळता येत नाही.

त्याचे उत्तर त्यांच्या कार्यातच शोधले पाहिजे. आपल्या घराण्याचा इतिहास त्यांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरावर मराठीत कोरवून घेतला. देवनागरी टाइपांचा छापखाना स्थापून इसापनीतीचे सख्खण पंडितकृत मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावलि’ या नावाने १८०६ मध्ये छापविले. भूगोलासारखा विषय त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात गुंफला; तमिळ कुरवंजीतील भविष्य सांगणारी कुरत्ती तेथे पृथ्वीवरील देश वर्णिते. नवी विद्या आपल्या भाषेच्या आणि आपल्या परंपरेतील रूपाच्या द्वारे आत आणावयाची, ही त्यांची पद्धती होती.

या पार्श्वभूमीवर सरस्वती महालातील शार्ल लब्रँची मुखचित्रे पाहावीत. लब्रँ (१६१९–१६९०) हा चौदाव्या लुईचा राजचित्रकार. मनुष्य व पशू यांच्या चेहऱ्यांतील साम्य दाखविणारी त्याची रेखाटने १६७१ च्या सुमारास पॅरिसच्या कला अकादमीतील व्याख्यानाच्या निमित्ताने प्रसिद्धीस आली. या कल्पनेची मुळे प्रबोधनकालीन इटलीत आहेत. नेपल्सच्या देल्ला पोर्ताने १५८६ मध्येच सिंह, बैल, मेष यांच्या मुखांशी मानवी मुखे ताडून पाहिली होती. लब्रँची रेखाटने १८०६ साली पॅरिसमध्ये कोरीव ठशांवरून छापली गेली, आणि १८२७ मध्ये लंडनला त्यांची शिळामुद्रित मालिका निघाली.

शिळामुद्रणाचे येथे विशेष महत्त्व आहे. बव्हेरियातील झेनेफेल्डरने १७९६ ते १७९८ या काळात ही युक्ती सिद्ध केली. ताम्रपटावर रेषा कोरावी लागते. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर मात्र ती स्निग्ध खडूने काढता येते. ओली केलेली शिळा पाणी धरते, स्निग्ध रेषा शाई धरते, आणि खडूचा मूळ पोत कागदावर उतरतो. थोर चित्रकारांची रेखाटने दूरदेशीच्या अभ्यासकांपुढे ठेवण्यास याहून सोयीचे साधन तेव्हा नव्हते.

तंजावरच्या दरबारात ही चित्रे परकी वाटली नसावीत. सामुद्रिकशास्त्रात सिंहकटी, गजगती अशी लक्षणे रूढ होती; राजांच्या संग्रहात सचित्र गजशास्त्र होते; मुक्तावलीतील पशू माणसांप्रमाणे बोलत होते. शिवाय धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांच्या नोंदींसोबत त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढून ठेवीत. तेथे चित्र हे निरीक्षणाचे साधन होते. लब्रँची मुखे त्याच पंक्तीत बसतात. मुखसाम्यावरून स्वभाव ओळखण्याचा लब्रँचा सिद्धांत पुढे टिकला नाही; बारकाईने पाहण्याची शिस्त मात्र अशा चित्रांनी दिली.

१८२० नंतर राजांनी मोठ्या परिवारासह काशीयात्रा केली. ७ मार्च १८३२ रोजी त्यांचे निधन झाले. पुत्र शिवाजी १८५५ मध्ये औरस पुत्राविना वारल्यावर राजपदही लयास गेले. ग्रंथसंग्रह मात्र टिकला, आणि १९१८ साली तो सर्वांस खुला झाला. सरफोजींची विद्या कंपनीने दिलेल्या नेमणुकीवर पोसली गेली, हे सत्य झाकण्याचे कारण नाही. परंतु त्या नेमणुकीतून त्यांनी जे उभारले ते कंपनीने सांगितलेले नव्हते. युरोपीय चित्र, संस्कृत शास्त्र, तमिळ नाट्यरूप आणि मराठी गद्य यांस एका छताखाली आणण्याची निवड त्यांची स्वतःची होती. भारतीय साहित्यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्याने म्हणूनच तंजावरची हस्तलिखिते चाळताना त्यांच्या शेजारची ही मुद्राचित्रेही वाचली पाहिजेत.