गॅलिलिओचा लयीचा कान

गॅलिलिओ म्हटले की दुर्बीण आठवते. गतीचा नियम मात्र त्याला कानाच्या मदतीने सापडला असावा.

इटलीतील पिसा येथे १५ फेब्रुवारी १५६४ रोजी त्याचा जन्म झाला. वडील विन्चेंझो हे ल्यूट या तंतुवाद्याचे वादक आणि संगीतशास्त्राचे अभ्यासक. मुलगाही ल्यूट उत्तम वाजवू लागला. १५८१ मध्ये तो वैद्यक शिकायला गेला, पण १५८५ मध्ये पदवी न घेताच परतला. चर्चमधील झुलता दिवा त्याने स्वतःच्या नाडीवर मोजल्याची कथा प्रसिद्ध आहे. इतिहासकारांना ती शंकास्पद वाटते. नाडी हे तसे बेभरवशाचेच घड्याळ. उत्सुकता वाढली की तिचा वेगही वाढतो!

पडुआत प्राध्यापक असताना, १६०४ च्या सुमारास, त्याला खरी अडचण आली. उतारावरून घरंगळणारा गोळा ठरावीक वेळात किती अंतर कापतो? सेकंदाचे भाग दाखवणारे घड्याळच नव्हते. भांड्यातून पडणारे पाणी तोलून वेळ मोजल्याचे त्याने पुढे पुस्तकात लिहिले. पण त्याच्या एका हस्तलिखित पानावर ३३, १३०, २९८, ५२६ अशी अंतरे आहेत. ती जवळजवळ १, ४, ९, १६ या प्रमाणात पडतात. प्रत्येक टप्पा साधारण अर्ध्या सेकंदाचा.

इतकी अचूकता आली कुठून? इतिहासकार स्टिलमन ड्रेक यांनी १९७५ मध्ये एक तर्क मांडला. ल्यूटचे पडदे म्हणजे दांडीला बांधलेल्या ताती. सतारीच्या पडद्यांसारखे तेही सरकवता येतात. तशाच ताती उतारावर आडव्या बांधल्या, तर गोळा प्रत्येकीवरून जाताना ‘टक्’ असा आवाज होतो. सगळे आवाज एका लयीत येईपर्यंत ताती सरकवायच्या आणि मग अंतरे मोजायची. ड्रेक यांनी गाण्याच्या ठेक्यावर हा प्रयोग करूनही पाहिला.

यात कानाला सेकंद मोजावे लागत नाहीत. दोन-तीन ठोके ऐकले की मेंदू पुढच्या ठोक्याची वाट पाहू लागतो आणि तो चुकला की लगेच खटकते. अर्ध्या सेकंदाच्या लयीत पन्नासाव्या भाग सेकंदाची चूकही सरावलेल्या कानातून सुटत नाही. ल्यूटवर वाढलेल्या गॅलिलिओचा कान तर सरावलेलाच होता.

१६३३ नंतर तो नजरकैदेत राहिला. १६३८ पर्यंत दृष्टीही गेली. १६४१ मध्ये त्याने लोलकाच्या घड्याळाची कल्पना मुलाला समजावून सांगितली. मुलाचे नावही विन्चेंझोच. ते घड्याळ पूर्ण होण्याआधीच, ८ जानेवारी १६४२ रोजी, गॅलिलिओचे निधन झाले.