डिक थॉमस : खेळाडू, पोलीस व सैनिक

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचीत असतां विद्यार्थ्यांच्या मनांत पुष्कळदां एक शंका उभी राहते. ज्यांचीं चरित्रें लिहिलीं जातात ते बहुधा सारे पहिल्या रांगेंतले. मग ज्या मुलाचें नांव शाळेच्या संघांत एकदां येतें आणि तीनदां गळतें, त्यानें ह्या चरित्रांपासून काय घ्यावें? ही शंका रास्त आहे, आणि तिचें समाधान आम्हां शिक्षकांस नेहमींच करतां येतें असें नाहीं. म्हणून आम्ही आज वाचकांपुढें अशा एका पुरुषाची हकीकत ठेवीत आहों कीं, ज्याला आपल्या देशाच्या संघांत तीन हंगामांत मिळून अवघे चार सामने खेळावयास मिळाले. ज्याचा चरितार्थ पोलिसाच्या नोकरीवर चालत असे. आणि ज्याचें नांव शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं तरी त्याच्या मायभूमींत आदरानें घेतलें जातें. हा पुरुष म्हणजे वेल्स देशाचा रग्बी-खेळाडू डिक थॉमस.

वेल्स हा ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम बाजूचा लहानसा डोंगराळ देश. त्याच्या दक्षिण भागांत, ग्लॅमर्गन परगण्यांत, डोंगरांच्या मधून अरुंद खोरीं उतरत येतात. त्यांपैकीं ऱ्होंडा नांवाच्या खोऱ्यांत फर्नडेल म्हणून गांव आहे. तेथें डिक थॉमस जन्मास आला. डिक हें रिचर्ड ह्या नांवाचें घरगुती रूप होय. त्या काळीं ह्या खोऱ्यांचें सारें जीवित कोळशावर अवलंबून होतें. १९१३ सालीं दक्षिण वेल्समधील खाणींतून साडेपांच कोटि टनांहून अधिक कोळसा निघाला, आणि दोन लक्षांहून अधिक माणसें त्या कामावर होतीं. घरांच्या लांबच लांब ओळी, खाणीच्या तोंडाशीं उभीं असलेलीं मोठमोठीं चाकें, आणि संध्याकाळीं काळवंडलेल्या तोंडांनीं घरीं परतणारे मजूर, असा तो देखावा असे.

ह्या कष्टाळू लोकांचा जीव कीं प्राण असा खेळ म्हणजे रग्बी. आमच्या ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. प्रत्येक पक्षांत पंधरा गडी असतात. चेंडू अंड्याच्या आकाराचा असून तो हातांत घेऊन धांवण्याची मुभा असते. मात्र हातानें तो पुढें फेंकतां येत नाहीं, बाजूच्या किंवा मागच्या गड्याकडेच द्यावा लागतो. प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला म्हणजे त्यास ट्राय म्हणतात. पंधरांपैकीं आठ गडी पुढच्या फळीचे. ते एकमेकांचे खांदे आवळून, डोकीं खालीं घालून, समोरच्या आठ जणांस रेटा देतात व आपल्या पक्षाला चेंडू मिळवून देतात. ह्या झुंजीला स्क्रम म्हणतात. चेंडू मिळाला कीं मागचे चपळ गडी तो घेऊन धांवतात, आणि प्रेक्षकांच्या टाळ्या त्यांस मिळतात. रेटा देणाऱ्यांचीं तोंडें तेव्हां चिखलांत असतात. डिक थॉमस हा ह्या रेटा देणाऱ्यांपैकीं होता.

त्या काळीं वेल्समध्यें रग्बी-संघाच्या नियमांप्रमाणें खेळाडूस पैसा घेतां येत नसे. देशातर्फें खेळणाऱ्यास एक टोपी मिळे. तीच त्याची बिदागी व तोच त्याचा मान. पोट भरण्यासाठीं प्रत्येकास दुसरा उद्योग करावा लागे. थॉमस हा ग्लॅमर्गन परगण्याच्या पोलीसदलांत शिरला. ह्या दलाचा मुख्य अधिकारी कॅप्टन लायोनेल लिंडसे हा मोठा करडा गृहस्थ होता. धिप्पाड व दमदार तरुणांस तेथें वाव होता. थॉमस मुष्टियुद्धांतहि निपुण होता व आपल्या दलांत त्या खेळाचें श्रेष्ठपद त्यानें मिळविलें होतें. रग्बी तो माउंटन ॲश ह्या गांवाच्या संघाकडून, आणि परगण्याच्या सामन्यांत ग्लॅमर्गनकडून खेळे.

वेल्सच्या रग्बीचा तो सुवर्णकाळ होता. १९०५ च्या डिसेंबरांत न्यूझीलंडच्या अजिंक्य मानल्या गेलेल्या संघाला वेल्सनें ३ विरुद्ध ० गुणांनीं हरविलें. ब्रिटनमधील त्या साऱ्या दौऱ्यांत न्यूझीलंडचा एवढा एकच पराभव झाला. दुसऱ्या वर्षीं दक्षिण आफ्रिकेचा संघ प्रथमच ब्रिटनमध्यें आला. १ डिसेंबर १९०६ रोजीं स्वॉन्सी येथें त्याच्याशीं वेल्सची गांठ पडली, आणि त्या दिवशीं डिक थॉमस प्रथम देशाच्या लाल पोशाखांत मैदानावर उतरला. त्याच दिवशीं आणखी एका तरुणाचा तो पहिला सामना होता. त्याचें नांव जॉनी विल्यम्स. कार्डिफच्या संघाचा हा गडी अंगानें सडपातळ व पायानें अत्यंत चपळ होता. तो मैदानाच्या कडेनें वाऱ्यासारखा धांवे. वाचकांनीं हें नांव ध्यानांत ठेवावें, कारण पुढें त्याची पुन्हां गांठ पडणार आहे.

त्या सामन्यांत वेल्सचा ११ विरुद्ध ० असा पराभव झाला. आदल्या वर्षीं न्यूझीलंडला नमविणाऱ्या देशाला तो फार लागला. दोघां नव्या गड्यांपैकीं विल्यम्स संघांत टिकला. थॉमसचें नांव मात्र गळालें. ह्यानंतर पंधरा महिन्यांत वेल्सचे पांच सामने झाले. त्यांपैकीं एकाहि सामन्यांत थॉमसला बोलावणें आलें नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, येथें क्षणभर थांबा. पहिल्याच सामन्यांत हार पदरीं येणें आणि पाठोपाठ संघांतून नांव निघणें, ह्याहून खेळाडूला अधिक कडू घोट कोणता? थॉमसनें खेळ सोडला नाहीं. पोलिसाची नोकरी आणि गांवच्या संघांतला खेळ हीं दोन्हीं त्यानें पूर्वीप्रमाणेंच चालूं ठेविलीं. अखेर २ मार्च १९०८ रोजीं कार्डिफ येथें वेल्स व फ्रान्स ह्यांचा पहिलावहिला सामना झाला, तेव्हां निवडणाऱ्यांना त्याची आठवण झाली. वेल्सनें तो सामना ३६ विरुद्ध ४ असा जिंकला. त्याच महिन्यांत बेलफास्ट येथें आयर्लंडवर ११ विरुद्ध ५ असा विजय मिळाला. त्यांतहि थॉमस होता. त्या हंगामांत वेल्सनें इंग्लंड, स्कॉटलंड, फ्रान्स व आयर्लंड ह्या चारहि देशांस हरविलें. असा पराक्रम त्यापूर्वीं कोणत्याहि देशानें केला नव्हता. पुढच्या वर्षीं वेल्सनें तो पुन्हां करून दाखविला, आणि ६ फेब्रुवारी १९०९ रोजीं एडिंबरो येथें स्कॉटलंडवर ५ विरुद्ध ३ असा जो निसटता जय मिळाला त्यांत थॉमसचा वांटा होता. तो त्याचा चौथा व शेवटचा सामना.

त्या तीन हंगामांत वेल्स एकंदर तेरा सामने खेळला. त्यांपैकीं चार थॉमसच्या वांट्यास आले. विल्यम्सची गोष्ट निराळी. तो देशाकडून सतरा सामने खेळला व सतरा ट्राय मिळविल्या. त्यांपैकीं दोनच सामन्यांत त्याचा पक्ष हरला. १९०८ सालीं ब्रिटिश संघाबरोबर तो न्यूझीलंडपर्यंत जाऊन आला, आणि १९११ सालीं पॅरिस येथें फ्रान्सशीं झालेल्या सामन्यांत वेल्सचें नायकत्वहि त्याला मिळालें. दोघांचा आरंभ एकाच दिवशींचा, पण एकाला कीर्ति भरभरून मिळाली व दुसऱ्याला चिमूटभर.

थॉमस आपल्या कामावर होता, आणि तें काम सोपें नव्हतें. १९१० च्या नोव्हेंबरांत ऱ्होंडा खोऱ्यांतील टोनीपँडी येथें खाणीच्या मजुरांचा मोठा संप चिघळला. मजूर व ग्लॅमर्गनचे पोलीस ह्यांच्यांत हातघाईवर गोष्ट आली. उभय पक्षांकडील पुष्कळ लोक जखमी झाले व एक मजूर प्राणास मुकला. सरकारनें फौजहि पाठविली. मजुरांची बाजू न्यायाची होती कीं कसें, ह्यावर त्या देशांत पुढें पुष्कळ वाद झाला आणि त्या घटनेचा सल तेथें दीर्घकाळ राहिला. अशा परगण्यांत पोलिसाचा पोशाख घालणें म्हणजे, शनिवारीं जे लोक मैदानाभोवतीं आपल्या नांवाचा गजर करीत, त्यांचाच राग सोमवारीं सोसणें होय. हें ओझें थॉमसच्या दलांतील प्रत्येकाच्या खांद्यावर होतें. दलांत तो सार्जंटच्या हुद्यापर्यंत चढला.

१९१४ च्या ऑगस्टांत पहिलें महायुद्ध पेटलें. कार्डिफ शहरानें स्वतः पुढाकार घेऊन एक पलटण उभी केली. वेल्श रेजिमेंटची ती सोळावी पलटण. तिला कार्डिफ सिटी पलटण म्हणत. थॉमस तींत दाखल झाला आणि कंपनी सार्जंट-मेजर झाला. साध्या शिपायांतून वर चढणाऱ्यास कंपनींत ह्याहून मोठी जागा नाहीं. सुमारें दोनशें माणसांची शिस्त, त्यांची रसद, त्यांची दारूगोळ्याची तजवीज, आणि घाबरलेल्यास धीर देणें, हें सारें त्याच्याकडे असतें. ह्याच पलटणींत जॉनी विल्यम्स कॅप्टन होता. स्वॉन्सीच्या मैदानावर एकाच दिवशीं पदार्पण केलेले दोन गडी आतां एका निशाणाखालीं आले.

१९१५ च्या डिसेंबरांत ही पलटण वेल्सच्या अडतिसाव्या डिव्हिजनबरोबर फ्रान्सांत उतरली. १९१६ च्या जुलईंत सोम नदीच्या परिसरांत भयंकर लढाई सुरू झाली. तेथें मामेत्स नांवाच्या गांवाजवळ एक दाट रान होतें व तें जर्मनांच्या हातीं होतें. तें घेण्याची कामगिरी ह्या डिव्हिजनकडे आली. ७ जुलईच्या सकाळीं सोळाव्या पलटणीनें, शेजारच्या दुसऱ्या एका वेल्श पलटणीसह, रानाच्या पूर्वेकडील टोंकावर चाल केली. मधली जमीन उघडी व उताराची होती. हल्ला झांकण्यासाठीं धुराचा पडदा करावयाचा ठरलें होतें; तो पडदा पडलाच नाहीं. समोरच्या रानांतून आणि उजव्या बाजूच्या झाडींतून मशीनगनांचा मारा सुरू झाला. त्या दिवशीं हल्ले पुनःपुन्हां झाले, पण रानापर्यंत पोंचतां आलें नाहीं. शेंकडों माणसें त्या उतारावर पडलीं. सार्जंट-मेजर डिक थॉमस त्या दिवशीं मारला गेला. त्याच हल्ल्यांत कॅप्टन विल्यम्स अतिशय जखमी झाला व १२ जुलई रोजीं त्याचें प्राणोत्क्रमण झालें.

१० जुलईस डिव्हिजननें पुन्हां चाल केली आणि झाडाझाडाशीं झुंजून १२ तारखेपर्यंत रान मोकळें केलें. मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारें चार हजार माणसांची ही किंमत होती. पहिल्या हल्ल्याच्या अपयशाबद्दल डिव्हिजनच्या सेनापतीस काढून टाकण्यांत आलें, आणि वेल्श शिपायांनीं नेट धरला नाहीं असाहि ठपका कांहीं काळ त्यांच्यावर राहिला. पुढील अभ्यासकांनीं तो खोटा ठरविला. दोष हुकुमांचा व तयारीचा होता, माणसांचा नव्हता.

थॉमसचें शव ओळखून पुरतां आलें नाहीं. त्याला थडगें नाहीं. थिएपव्हाल येथील प्रचंड स्मारकावर, ज्यांचीं थडगीं नाहींत अशा ७२,००० हून अधिक सैनिकांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांत त्याचें नांव आहे. त्या महायुद्धांत वेल्सचे तेरा आंतरराष्ट्रीय रग्बी-खेळाडू कामास आले. थॉमस व विल्यम्स हे त्यांपैकींच. १९८७ सालीं मामेत्सच्या रानासमोर वेल्सचें राष्ट्रचिन्ह जो लाल ड्रॅगन, त्याचा पुतळा उभारण्यांत आला. त्याचें तोंड रानाकडे आहे.

ह्या चरित्रापासून बोध काय घ्यावा? युद्ध म्हणजे एक मोठा खेळच, असा बोध कोणी काढूं नये. खेळांत हरलेला गडी संध्याकाळीं घरीं जातो आणि पुढच्या शनिवारीं पुन्हां मैदानावर येतो. त्या उतारावरून शेंकडों गडी घरीं गेले नाहींत, आणि त्यांच्या मायबापांस पुढचा शनिवार आलाच नाहीं. मुलांच्या हातीं चेंडू देतांना आम्हीं शिक्षकांनीं व तुम्हीं पालकांनीं हा भेद कधीं विसरूं नये.

आमच्या मतें बोध दुसराच आहे. थॉमसला चार वेळां बोलावणें आलें व नऊ वेळां आलें नाहीं. बोलावलें तेव्हां त्यानें खांदा लाविला. न बोलावलें तेव्हां तो आपल्या कामावर होता. चौथ्या सामन्यानंतर देशाची टोपी त्याला पुन्हां मिळाली नाहीं. तरी पुढें दोनशें माणसांचा भार ज्याच्यावर टाकावा असा माणूस म्हणून त्याचीच निवड झाली. टाळ्या धांवणाऱ्यास मिळतात, परंतु धांवणाऱ्याच्या हातीं चेंडू येतो तो मागें कोणीतरी चिखलांत तोंड घालून रेटा दिलेला असतो म्हणून. आपल्या घरांत, आपल्या गांवांत, आपल्या ह्या शाळेंत अशीं माणसें पुष्कळ आहेत. यंदा ज्या मुलांचीं नांवें संघांत आलीं नाहींत त्यांनीं हिरमुसून घरीं बसूं नये. उद्यां सायंकाळीं मैदानावर यावें. रेटा देणारा गडी तेथें नेहमींच हवा असतो.