रक्ताच्या रंगाचे गणित

सप्टेंबर २०२० मध्ये माझे कुटुंब, माझी जबाबदारी ही मोहीम राज्यभर सुरू झाली आणि रायगड जिल्ह्यातील पालीसारख्या डोंगरपायथ्याच्या गावीही ऑक्सिमीटर नावाचा चिमटा घरोघरी परिचित झाला. सुई न टोचता रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सांगणाऱ्या या उपकरणाचे मूळ ज्या प्रयोगात आहे, तो प्रयोग करणारा गृहस्थ वैद्य नव्हता. गणिताचा प्राध्यापक होता.

जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांचा नियम आपल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो; चरित्र मात्र क्वचितच कोणी सांगतो. १८१९ साली आयर्लंडमधील स्क्रीन या खेड्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी ते जन्मले. १८४१ मध्ये ते केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले. पुढे १८९९ मध्ये कोकणातील मुर्डीच्या र. पु. परांजपे यांनी हाच मान मिळविला, तेव्हाही स्टोक्स तेथे प्राध्यापकपदावर होतेच. एकेकाळी न्यूटनने भूषविलेले ते पद त्यांनी १८४९ पासून मृत्यूपर्यंत सांभाळले. पद मानाचे, वेतन मात्र तुटपुंजे. म्हणून लंडनच्या खाणविद्येच्या शाळेत व्याख्याने देणे आले. १८५७ मध्ये विवाह केला, तर अविवाहितांसाठीच असलेली महाविद्यालयीन फेलोशिप गेली. नियम बदलल्यावर ती परत मिळाली. शिक्षकाच्या अर्थशास्त्राची ही कहाणी आपल्याला अपरिचित नाही!

अशा या माणसाने १८६४ मध्ये रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तातून गेलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात दोन काळे पट्टे दिसतात, हे जर्मनीच्या होप्पे-झायलर यांनी १८६२ मध्ये दाखविले होते. स्टोक्स यांनी रक्ताच्या द्रावणात प्राणवायू हिरावून घेणारे लोहक्षाराचे मिश्रण घातले. लाल रंग जांभळट झाला, दोन पट्ट्यांच्या जागी एकच रुंद पट्टा आला. तेच द्रावण हवेत हलविताच दोन पट्टे परत! रक्ताचा रंगद्रव्यच प्राणवायूची ने-आण करतो आणि ती ने-आण डोळ्यांनी वाचता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

ऑक्सिमीटर दोन रंगांच्या प्रकाशाने हाच फरक मोजतो. त्याच तत्त्वावर डोळ्याच्या दृष्टिपटलाचे दोन निरनिराळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात छायाचित्र घेऊन तेथील केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांतील प्राणवायूही आज अजमावला जातो. मात्र त्वचेचा रंग या मोजणीत विघ्न आणतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय रुग्णांची धोकादायक घट चिमट्याच्या नजरेतून गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा सुटते, असे डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. सावळ्या वर्णाच्या आपल्या देशाने याकडे दुर्लक्ष करून कसे चालेल?

नाडीच्या ठोक्यावरून ही मोजणी करण्याची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. म्हणजे मध्ये एकशेदहा वर्षे गेली. कोणत्या अंदाजपत्रकात इतक्या दूरच्या लाभाची तरतूद असते? निसर्गनियमाला पेटंट नसते; स्टोक्स यांच्या पदरी त्याचे मोल पडले नाही. रॉयल सोसायटीचे चिटणीस म्हणून १८५४ पासून ३१ वर्षे ते इतरांचे निबंध तपासत राहिले, नंतर पाच वर्षे तिचे अध्यक्ष होते. १ फेब्रुवारी १९०३ रोजी केंब्रिज येथे ते निवर्तले, तेव्हा प्राध्यापकपदाचे चोपन्नावे वर्ष चालू होते.