विश्लेषण : महाराजांची खासगी रेल्वे खेडोपाडीच्या प्रवाशांची कशी झाली?

उत्तर कोरियाचे किम जोंग उन सप्टेंबर २०२५ मध्ये बीजिंगला गेले ते त्यांच्या हिरव्या चिलखती रेल्वेगाडीने. राज्यकर्त्याची खासगी गाडी म्हटली की पहारा, बंद खिडक्या आणि इतरांना मज्जाव हेच चित्र समोर येते. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांची खासगी रेल्वे मात्र वेगळ्या वाटेने गेली.

माधवराव कोण होते?

घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. पुण्यातील खूणही ठळक आहे. स्वारगेटहून शंकरशेठ रस्त्याने निघाले की चार-पाच किलोमीटरवर वानवडीची शिंदे छत्री लागते. १७९४ मध्ये महादजी शिंदे यांच्यावर तेथे अंत्यसंस्कार झाले. त्यांच्याच गादीवर माधवराव १८८६ मध्ये बसले, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. कारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले १८९४ मध्ये. २१ तोफांच्या सलामीचा मान असलेले हे संस्थानिक इंग्रजांशी इतके एकनिष्ठ, की मुलांच्या नावांत त्यांनी जॉर्ज आणि मेरी घातले.

चांदीच्या गाडीचे काय?

जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर रूळ टाकून विजेवर चालणारी चांदीची छोटी गाडी फिरे. डब्यांत मद्याच्या सुरया आणि चिरूट. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढे निघे. आजही राजवाडा पाहायला जाणारे आधी तीच शोधतात. पण माधवरावांची खरी रेल्वे राजवाड्याबाहेर होती.

ती लोकांपर्यंत कशी पोहोचली?

सुरुवात झाली महाराजांच्या खासगी ट्रामवेने. पुढे तिचीच ‘ग्वाल्हेर लाइट रेल्वे’ झाली. रुळांतले अंतर फक्त दोन फूट, म्हणजे माथेरानच्या गाडीइतकेच. अरुंद मार्गाला खर्च कमी, म्हणून संस्थानाच्या तिजोरीला तो झेपला. १८९९ मध्ये भिंड आणि शिवपुरीकडचे मार्ग सुरू झाले. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी केले. तिसरा फाटा जौरा, सबलगड असे टप्पे घेत १९०९ मध्ये श्योपूरला पोहोचला. हा सुमारे २०० किलोमीटरचा मार्ग चंबळच्या दुर्गम भागातून जात होता. महाराजांच्या हौसेची गाडी तिथे बाजारहाटाची, कोर्टकचेरीची आणि दवाखान्याची गाडी बनली. डब्यात जागा नसेल तर लोक टपावर बसत.

पुढे काय झाले?

माधवराव ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये वारले. त्यांची छत्री शिवपुरीत आहे, त्यांनीच रेल्वे नेलेल्या गावी. संस्थान विलीन झाले आणि १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत गेली. पुण्याच्या गाड्या चालवते तीच. श्योपूरची छोटी गाडी मात्र २०२० पर्यंत धावत राहिली. आता त्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर हाती घेण्यात आले आहे.