विल्बरफोर्स यांची वीस वर्षे

ब्रिटिश पार्लमेंटाने १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद केला, एवढे एकच वाक्य इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात बहुधा असते. त्या वाक्यामागे वीस वर्षांचे श्रम आहेत. आणि ज्यांनी ते पार्लमेंटात केले ते विल्यम विल्बरफोर्स आरंभी अशा कामास योग्य वाटावेत असे गृहस्थ मुळीच नव्हते. म्हणूनच त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १७५९ रोजी हल या बंदराच्या गावी एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या घरी झाला. वडील लहानपणीच वारले. केंब्रिजच्या विद्यालयात अभ्यासापेक्षा मित्रमंडळी, पत्ते व मेजवान्या यांतच त्यांचे दिवस गेले. वयाची एकवीस वर्षे पुरी होताच, आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम खर्चून, ते १७८० साली पार्लमेंटात निवडून आले. अंगकाठी लहान, दृष्टी अधू. पण आवाज असा गोड, की गाण्याच्या बैठकीत आणि सभागृहात त्यांचे सारखेच कौतुक होई. नकला करण्यातही ते पटाईत होते. सर्वांस हवासा वाटणारा, परंतु कोणत्याही एका कामास वाहून न घेतलेला असा हा तरुण होता.

१७८५ च्या सुमारास धर्मचिंतनाने त्यांच्या मनाची उलथापालथ झाली व राजकारण सोडून द्यावे असे त्यांस वाटू लागले. एके काळी गुलामांच्या जहाजाचे कप्तान असलेले व पुढे धर्मोपदेशक झालेले जॉन न्यूटन यांनी त्यांस पार्लमेंटातच राहण्याचा सल्ला दिला. पुढे मे १७८७ मध्ये पंतप्रधान पिट यांच्या बागेत, एका ओक वृक्षाखाली, या दोघा मित्रांचे बोलणे झाले आणि गुलामांच्या व्यापाराचा प्रश्न विल्बरफोर्स यांनी हाती घ्यावा असे ठरले.

हा व्यापार कसा चाले हे सांगितले पाहिजे. ब्रिस्टल, लिव्हरपूल येथून जहाजे कापड, बंदुका व दारू घेऊन आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यास जात; तेथे माणसे भरून वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर विकीत; आणि साखर लादून परत येत. ब्रुक्स नावाच्या जहाजाचा नकाशा त्या वेळी छापला गेला. त्यात चारशेंहून अधिक माणसे फळ्यांवर अंगास अंग लावून कशी निजवीत, हे दाखविले होते. ही सारी माहिती थॉमस क्लार्कसन यांनी बंदरोबंदरी हिंडून व खलाशांस विचारून जमविली होती. स्वतः गुलामगिरी भोगलेले ओलाउदा इक्वियानो यांनी १७८९ साली आपले चरित्र प्रसिद्ध केले. विल्बरफोर्स यांचे शब्द या मंडळींच्या श्रमांवर उभे होते, हे विसरता कामा नये.

१२ मे १७८९ रोजी ते सभागृहात साडेतीन तास बोलले. भाषणाची वाहवा झाली. पण विरोधकांनी अधिक साक्षीपुराव्याची मागणी करून प्रश्न लांबविला. १७९१ मध्ये त्यांच्या बाजूस ८८ मते व विरुद्ध १६३ मते पडली. पुढील वर्षी सभागृहाने व्यापार बंद करण्याचे मान्य केले, पण हळूहळू हा एक शब्द मध्ये घालून. त्या शब्दाने सारेच काम अडले. मग फ्रान्सशी युद्ध सुरू झाले, आणि सुधारणेची भाषा करणारा तो शत्रूचा मित्र असे लोक मानू लागले.

१७९६ चा पराभव सर्वांत जिव्हारी लागणारा होता. ठराव अवघ्या चार मतांनी पडला, ७० विरुद्ध ७४. त्यांच्या पक्षाचे दहाबारा सभासद त्या रात्री गैरहजर होते. काही गावी गेले होते, तर काही एका नव्या संगीत नाटकास! ज्याने स्वतः तारुण्य असल्याच रंगात घालविले, त्यास हा आघात काय वाटला असेल? ते आजारी पडले. प्रकृती आधीच नाजूक. औषध म्हणून अफू घ्यावी लागे, ती जन्मभर सुटली नाही. तरीही ते कामावर परत आले. केवळ वक्तृत्वाने मते मिळत नाहीत. ती एकेक मोजून ठेवावी लागतात, हे मात्र आता त्यांस पुरते उमगले होते.

जेम्स स्टीफन हे वकील व झॅकरी मॅकॉले हे त्यांचे जवळचे साहाय्यक होते. आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असलेले लॉर्ड मॅकॉले ते या झॅकरींचेच चिरंजीव. १८०६ साली स्टीफन यांनी युक्ती सुचविली, की सबंध व्यापारावर न जाता परकीयांच्या वसाहतींस गुलाम पुरविण्यास ब्रिटिश जहाजांस बंदी करावी. युद्धकाळातील उपाय म्हणून हा कायदा पुढे आला. विल्बरफोर्स बोलते, तर विरोधक सावध झाले असते. म्हणून ते बहुतेक गप्प बसले. कायदा मंजूर झाला आणि व्यापाराचा मोठा भाग एकदम बुडाला. सतरा वर्षांपूर्वी साडेतीन तास बोलणाऱ्या वक्त्याचे हे मौन आम्हांस त्यांच्या कोणत्याही भाषणाहून मोठे वाटते. ज्यास श्रेयाची हाव आहे त्याला असे बसवत नाही.

२३ फेब्रुवारी १८०७ च्या रात्री २८३ विरुद्ध १६ मतांनी सबंध व्यापार बंद झाला. सभासद उभे राहून जयघोष करीत असता विल्बरफोर्स खाली बसून अश्रू ढाळीत होते.

हे पुरुष निर्दोष नव्हते. सभाबंदीच्या कायद्यांस आणि मजुरांच्या संघटनांवरील बंदीस त्यांनी पाठिंबा दिला. दूरच्या मळ्यांवरील दुःख ओळखणाऱ्यास घरच्या गिरण्यांतील मजुरांची मागणी पटली नाही, ही गोष्ट खटकते.

व्यापार थांबला, पण गुलाम होते ते गुलामच राहिले. शरीर थकले तेव्हा विल्बरफोर्स यांनी पार्लमेंटातील नेतृत्व आपण होऊन बक्स्टन या तरुण सहकाऱ्याकडे सोपविले व १८२५ साली सभासदत्व सोडले. वेस्ट इंडीजमधील गुलामांनीही वारंवार उठाव केले. १८३१ च्या अखेरीस जमैकात झालेल्या उठावाने सरकार हादरले. २६ जुलै १८३३ रोजी मुक्तीचा कायदा पार पडणार हे निश्चित झाल्याची वार्ता मरणशय्येवरील विल्बरफोर्स यांस मिळाली. २९ जुलैस त्यांनी देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये, मित्र पिट यांच्याजवळच, त्यांस पुरण्यात आले.

सुमारे आठ लक्ष माणसांस तो कायदा लागू झाला. दोन कोटी पौंडांची भरपाई मात्र मालकांस मिळाली, गुलामांस काही नाही. आणि उमेदवारीच्या नावाखाली त्यांतील बहुतेकांस १८३८ पर्यंत पूर्वीच्याच धन्याकडे राबावे लागले. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख तर कायद्यातून वगळला होता. हिंदुस्थानात त्यासाठी १८४३ साली निराळा कायदा करावा लागला.