फॅरेडेची वही

वयाची पन्नाशी ओलांडल्यावरची गोष्ट. मायकेल फॅरेडे एका प्रयोगामागे सहा आठवडे खपत होता. शेवटी जे निष्कर्ष आले ते सगळे नकारार्थी. त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही, प्रयोगशाळेत असं चालायचंच. पण जुनी टिपणं चाळताना त्याला दिसलं की नेमके हेच प्रयोग आपण आठ-नऊ महिन्यांपूर्वी केले होते आणि उत्तरही हेच आलं होतं. त्यातलं त्याला काहीही आठवत नव्हतं. हा प्रसंग त्याने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवला आहे. श्रम वाया गेले याची खंत त्याला कमी होती, विसरलो याची जास्त.

घरातल्या मिक्सरपासून कोयनेच्या वीजनिर्मिती संचांपर्यंत सगळं ज्याच्या शोधांवर चालतं, त्या माणसाची ही अवस्था होती. स्मरणशक्तीची तक्रार त्याची तरुणपणापासूनची. गणित तर त्याला जवळजवळ येतच नव्हतं. मग त्याने एवढं काम कसं केलं, याचं उत्तर बुद्धिमत्तेत शोधून थोडंच हाती लागतं. बरंचसं त्याच्या वहीत सापडतं.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१चा, लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स इथला. वडील लोहार, तब्येतीने कायम खचलेले. १८०१ साली धान्य महागलं तेव्हा घरात मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव यायचा. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि जुजबी हिशेब. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी तिथेच सात वर्षांच्या बोलीवर पुस्तकबांधणी शिकू लागला.

बांधणीला आलेली पुस्तकं तो वाचत असे. विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचं रसायनशास्त्राचं संवादरूप पुस्तक ही त्यातली नेहमी सांगितली जाणारी दोन नावं. माझ्या मते तिसरं पुस्तक अधिक महत्त्वाचं. आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाने १७४१ साली मनाच्या सुधारणेवर एक पुस्तक लिहिलं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर ते यशस्वी कसं व्हावं या धर्तीचं. अशा पुस्तकांची आपण थट्टा करतो आणि पुष्कळदा ती त्याच लायकीची असतात. फॅरेडेचं वेगळेपण असं की त्याने पुस्तक वाचून बाजूला ठेवलं नाही, त्यातलं एकेक अंगी लावून घेतलं. जवळ टिपणवही बाळगायची, व्याख्यानांना जायचं, समविचारी माणसांशी चर्चा आणि पत्रव्यवहार ठेवायचा, शब्द मोघम वापरायचे नाहीत. यातलं कुठलंच काम अवघड नाही. अवघड आहे ते पन्नास वर्षं करत राहणं.

पत्रव्यवहारासाठी त्याला बेंजामिन ॲबट हा मित्र मिळाला. व्याख्यानांचा प्रश्न पैशांचा होता. जॉन टेटम यांच्या विज्ञानविषयक व्याख्यानांना दर वेळी एक शिलिंग पडायचा, तो थोरला भाऊ रॉबर्ट द्यायचा. हा भाऊही लोहारकामच करत होता. मायकेल तिथे भराभर टिपणं घ्यायचा, घरी येऊन ती सविस्तर लिहायचा, आकृत्या काढायचा आणि स्वतःच त्यांची पुस्तकं बांधायचा. उपकरणांची चित्रं नीट यावीत म्हणून रीबोच्या घरात राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून तो रेखाटन शिकला.

ही बांधीव टिपणं दुकानात येणाऱ्या विल्यम डान्स या गिऱ्हाइकाच्या नजरेस पडली. त्यांनी १८१२मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हंफ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटं मुलाला दिली. या व्याख्यानांचीही टिपणं झाली आणि बांधली गेली. त्याआधी फॅरेडेने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना नोकरीसाठी पत्र लिहिलं होतं. त्यांच्याकडून उत्तरसुद्धा आलं नाही. डेव्हीकडे मात्र अर्जासोबत ती बांधीव वही गेली. डेव्ही भेटला आणि बांधणीचा धंदा सोडू नकोस, असा सल्ला देऊन त्याने मुलाला परत पाठवलं.

यापुढचा भाग नशिबाचा, तो लपवण्यात अर्थ नाही. प्रयोगात स्फोट होऊन डेव्हीच्या डोळ्याला इजा झाली होती आणि लेखनाला मदत म्हणून त्याने काही दिवस फॅरेडेला बोलावलं. पुढे प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने मारामारी केल्याने त्याची नोकरी गेली. ती जागा १ मार्च १८१३ रोजी फॅरेडेला मिळाली. आठवड्याला २५ शिलिंग आणि इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. डोळा आणि मारामारी यांवर त्याचा काहीच ताबा नव्हता. पण जागा रिकामी झाली तेव्हा डेव्हीला कोण आठवला, याचं कारण त्या वहीत होतं.

नोकरी लागली म्हणून शिकणं थांबलं नाही. व्याख्यान कसं द्यावं हे ठरवण्यासाठी तो दुसऱ्यांच्या व्याख्यानांना बसून वक्त्याच्या लकबी, टेबलावरची मांडणी, उजेड आणि सभागृहातली हवा खेळती आहे की नाही, हे सगळं टिपायचा. कोंदट सभागृहात श्रोत्यांचं लक्ष टिकत नाही हे त्याने ॲबटला कळवलं होतं. वक्तृत्वाची शिकवणीही त्याने पैसे मोजून लावली. बोलताना वेग वाढायचा, म्हणून सावकाश बोलण्याची आठवण देणारं कार्ड तो समोर ठेवी. ते दुर्लक्षिलं गेलं तर मदतनीस अँडरसनने पुढे येऊन ते डोळ्यांसमोर ठेवायचं, अशी सूचना होती. वेळ संपत आली की वेगळं कार्ड. आपली खोड स्वतःला कळेलच असं नाही, हे मान्य करून त्याने तिच्यावर माणूस नेमला होता. पुढे याच वक्त्याने १९ वर्षं मुलांसाठी नाताळची व्याख्यानं दिली.

१८२२मध्ये त्याने एक वेगळी वही सुरू केली, पडलेल्या प्रश्नांची. उत्तर मिळालं की प्रश्नावर रेघ मारायची आणि तारीख घालायची. चुंबकत्वापासून वीज निर्माण करायची, ही त्यातलीच एक नोंद. मधल्या काळातले प्रयत्न फसले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताच दुसऱ्याजवळची चुंबकसूची थरथरली आणि स्थिर झाली. बॅटरी तोडताना पुन्हा थरथरली. प्रवाह चालू असताना मात्र काही नाही. परिणाम बदलाचा आहे, हे यातूनच पुढे स्पष्ट झालं. ऑक्टोबरमध्ये वेटोळ्यात नुसता चुंबक आत-बाहेर करून त्याने वीज मिळवली. वहीतल्या त्या ओळीला नऊ वर्षांनी उत्तर मिळालं.

त्याच सुमारास त्याने आणखी एक निर्णय घेतला. कारखानदारांसाठी रासायनिक तपासण्या करून त्याला चांगली कमाई होत होती. १८३० साली ती हजार पौंडांच्या घरात गेली होती. संशोधनाला वेळ उरेना, तेव्हा काही वर्षांत त्याने ही कामं जवळपास बंद केली. १८३२पासून प्रयोगवहीतल्या प्रत्येक परिच्छेदाला तो सलग क्रमांक देऊ लागला. हे क्रमांक पुढे १६ हजारांच्या पलीकडे गेले. आज मोबाइलमध्ये शोधायला एक शब्द टंकावा लागतो. त्याला हे क्रमांक पुरायचे.

शरीराने मात्र दगा दिला. १८३९च्या अखेरीस भोवळ, डोकेदुखी आणि विस्मरण इतकं वाढलं की काम थांबलं. पाऱ्याशी वर्षानुवर्षं आलेला संबंध हे त्यामागचं कारण असावं असं काहींनी सुचवलं आहे, पण इतक्या वर्षांनी निदान पक्कं होणं शक्य नाही. अतिश्रम तर होतेच. १८४१मध्ये पत्नी सारा आणि मेहुण्यासोबत तो स्वित्झर्लंडला गेला. तिथे डोंगरवाटेने एका दिवसात ४५ मैल चालल्याची नोंद आहे. म्हणजे पाय धड होते, थकलं होतं डोकं. फॅरेडेने ते मान्य करून पुढची काही वर्षं मोठं संशोधन बाजूलाच ठेवलं. हे त्याच्या शिस्तीपेक्षाही मला मोठं वाटतं.

१८४५मध्ये तो परतला. प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो का, हे तो शोधत होता आणि एकामागून एक पदार्थ निरुपयोगी ठरत होते. शेवटी त्याने जड काचेचा एक तुकडा घेतला. १८२०च्या दशकात दुर्बिणींसाठी चांगली काच बनवण्याच्या कामात त्याची काही वर्षं गेली होती. त्यातून फारसं काही निघालं नाही, पण तुकडे उरले होते. १३ सप्टेंबर रोजी त्याच काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण चुंबकाने फिरलं. प्रकाश आणि चुंबकत्व यांचं नातं पहिल्यांदा दिसलं ते असं.

१२ मार्च १८६२ रोजी, सत्तरीत असताना, त्याने शेवटचे प्रयोग केले. ज्योतीच्या वर्णपटातल्या रेषांवर चुंबकाचा परिणाम होतो का, हे पाहायचं होतं. काहीच दिसलं नाही. तेही त्याने वहीत लिहून ठेवलं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो गेला. पुढे मॅक्सवेलने लिहिलेल्या फॅरेडेच्या चरित्रात या फसलेल्या प्रयोगाचा उल्लेख डच शास्त्रज्ञ पीटर झीमन याच्या वाचनात आला. फॅरेडेला जे तपासावंसं वाटलं ते पुन्हा तपासायला हरकत नाही, असा विचार करून त्याने अधिक चांगल्या उपकरणांनी १८९६मध्ये तो प्रयोग केला आणि रेषा रुंदावलेल्या दिसल्या. १९०२चं भौतिकशास्त्राचं नोबेल झीमन आणि लोरेंट्झ यांना विभागून मिळालं.